शेवटचं पान आधी वाचनारे मिलिंद सायब

मिलिंद सायब गेल्याची खबर आली तवा मी जैनथच्या स्टँडवर त्यायची सीट धरून बसलो होतो. सीट धरून म्हनजे आटोत माह्या बाजूच्या जागेवर गमछा टाकून. तिथं दुसरं कोनी बसाले आलं का मी म्हनाचो, "रिझर्व हाय," जसं काय मी आटो नाही, इमान चालवतो. तेवढ्यात त्यायच्या बहिनीचा, कमलताईचा फोन आला. "किसनभाऊ, मिलिंद सकाळीच वारला. चहा ठेवला होता, पिलाच नाही." अन् मी काय बोललो ते ऐका. मी बोललो, "बरं ताई, मंग उद्या येतील ना? सीट ठेवतो." अन् फोन बंद केला. बाजूले एक तेलुगू सवारी उभी होती, तिनं विचारलं, "अन्ना, पोदामा?" म्हनजे निघाचं का. मी म्हनलो, थांबा, एक मानूस याचा हाय. आटो भरला, मागचे लोक कुरकुर कराले लागले, तरी मी थांबलेलोच. शेवटी चहावालीनं हातातलं भगुनं खाली ठेवलं, जवळ आली अन् म्हने, "किसना, तू काऊन रडून राह्यला?" तवा मले समजलं का मी रडून राह्यलो...

हे मी लिवून नाही राह्यलो, बोलून राह्यलो. लिवनारी माही पोरगी वनिता हाय. मी बोलतो, ती मोबाईलवर उतरवते. मले लिवता येत नाही अन् वाचताबी येत नाही. शाळेत गेलो नव्हतो असं नाही, पन गुरुजीले मी वर्गात बसन्यापरीस त्यायच्या म्हशी चारनं जास्त पसंत पडलं, अन् खरं सांगाचं तर मलेबी. म्हशी चांगल्या निघाल्या, मी असा राह्यलो. आता अशा मानसाले पेपरवाल्यायनं सांगतलं का मिलिंद सायबाबद्दल तूच सांग, कारन त्यायच्यासोबत सगळ्यात जास्त पुस्तकं तूच वाचले. गोष्ट खरी हाय. मी एकबी पुस्तक वाचलं नाही, पन त्यायच्यासोबत लय वाचले.

मिलिंद सायब आदिलाबादच्या महसूल हापिसात कारकून होते. लोकायले पहानीची, म्हनजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल काढून द्याची, कोनाची जमीन कागदावर भलत्याच्या नावानं चढली तर त्याले रस्ता दाखवाचा, हे त्यायचं काम. रोज जैनथहून माह्या आटोत जात अन् माह्याच आटोत परत येत. रिटायर झाल्यावरबी जानं-येनं बंद झालं नाही, कारन आदिलाबादच्या विहारात त्यायनं पुस्तकायचं एक कपाट मांडलं होतं. अन् आवाज म्हनसान तर काय सांगू. पावसाच्या महिन्यात जैनथच्या विहारात वर्षावास राहते, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचनारे वर्षानुवर्षं हेच. मी तिथला नाही, पन बाहेर आटो लावून आयकाचो. त्यायनं वाचाले सुरुवात केली का बायायच्या हातातली भाजी तशीच राह्याची. कोनत्या गोष्टीपाशी थांबाचं, कुठं पानी प्याचं, हे त्या मानसाले असं जमलं होतं का आयकनाऱ्याले वाटे, हे पुस्तकात तसंच लिवलं असन... "इथं पानी प्या" म्हनून.

त्यायनं लग्न केलं नव्हतं. एका दिवशी मी विचारलंच. "सायब, लग्न काऊन नाही केलं?" ते सरळ बोलले, "किसना, मले बाया तशा आवडतच नाहीत. मले गडी आवडतात." मी म्हनलो, "मलेबी गडीच बरे वाटतात सायब, बाया लय बोलतात." ते इतके हासले का चष्मा काढा लागला. मंग समजावून सांगतलं, सावकाश, जसा पहानीतला सर्वे नंबर समजावत तसं. समजल्यावर मी दोन मैल गप्प. माह्यासाठी हे लय झालं. अन् मंग विचारलं, "मंग सायब... मी तर आवडत नाही ना तुमाले?" ते म्हने, "तुह्या आटोत रोज बसतो, तुही बडबड आयकतो. याच्या वर आता किती सहन कराचं मानसानं." हे पेपरात सांगू का नको म्हनून मी कमलताईले विचारलं. ताई म्हनल्या, "त्यानं जिता असताना कोनापासून लपवलं नाही. तू कायले लपवतो?"

त्या कपाटात सगळ्या परकारचे पुस्तकं होते, पन मधला खन खास. ज्यात गडी गड्यावर जीव लावतो, बाई बाईवर, नाहीतर पोरगा म्हनून वाढवलेलं लेकरू म्हनते का मी पोरगी हाय, अशा कादंबऱ्या. मराठीतल्या, दुसऱ्या मुलखातून मराठीत आलेल्या, काही हिंदी, काही तेलुगू. लोक लांबून येत. गुडीहत्नूरहून येत, निर्मलहून येत. कोनी तोंडानं सांगे, कोनी नुसतंच कपाटापाशी उभं राहून पाठीवर हात फिरवावा तसं पुस्तकायवर हात फिरवे. सायब त्यायले "काय वाचाचं आहे" असं कधी विचारत नव्हते. विचारत, "घरात कोन कोन आहे? पुस्तक उघडं पडलं तर पहिलं कोन पाहन?" त्याच्यावरून पुस्तक ठरे. एखादं पोरगं मायबापासोबत राहते, तर त्याले साध्या कव्हराचं द्याचं. एखादी माय पोरावर रागावून आली, तर तिले शहान्या मायची गोष्ट द्याची नाही. सायब म्हनत, "शहानी माय वाचली का तिले वाटते, मले शिकवून राह्यले. तिले तिच्यापेक्षा रागीट मायची द्याची. वाचता वाचता तीच म्हनते, इतकंबी नाही बाई." अन् लोक खरंच तसंच म्हनत परत येत. मी ऐकलं हाय, माह्याच आटोत.

अन् एक रीत त्यायनं कधी मोडली नाही. कोनाले पहिलं पुस्तक द्याच्या आधी त्याचं शेवटचं पान वाचाचं. मी म्हनलो, सायब, मजाच गेली ना मंग. ते म्हने, "माही मजा गेली तरी चालते. अशा गोष्टीत लेखकायले लय घाई असते, किसना. दोघायचं जमलं का एकाले मारून टाकतात. कोनाले विहिरीत, कोनाले रुळावर, कोनाले नुसत्या खोकल्यानं. एखादं पोरगं आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखं मानूस पुस्तकात पाहते, अन् ते शेवटच्या पानावर मरते. ते पोरगं काय समजन? का आपलंबी असंच होनार. पहिलं पुस्तक जित्या राहनाऱ्याचंच पायजे. मरनारे नंतर वाचता येतात, पाय घट्ट झाल्यावर." ज्या पुस्तकात शेवटी मरतात ते सगळे त्यायनं खालच्या खनात ठेवले होते. त्या खनाले ते मसनवटा म्हनत. कोनी लय हट्ट केला तरच तिथं हात घालत. माह्यासारख्या मानसालेबी हे पटलं. तुमाले कोनाले असं पुस्तक द्याचं असन तर एवढं करा. शेवटचं पान आधी पाहा. मी पाहू शकत नाही, तुमी तर पाहू शकता.

आता माह्या घरची गोष्ट. वनिता निर्मलले एका दवाखान्यात नर्स हाय. तिच्यासोबत लावण्या नावाची तेलुगू पोरगी राहते, लाकडाच्या खेळन्यायले रंग देते. मागच्या साली वनिता घरी आली अन् म्हने, "बाबा, मी लग्न नाही करत. मी लावण्यासोबतच राहनार." मी म्हनलो, "राह्य ना. लग्न झाल्यावर काय मैत्रीनी सोडा लागतात?" माही बायको शांता चुलीपाशी बसली होती. तिनं कपाळावर हात मारला. म्हने, "या मानसाले सारं भोंगा वाजवून सांगा लागते." मंग तिनंच सांगतलं, चार शब्दात. मी उठलो, बाहेर गेलो, अन् आटो धुतला. धुतलेलाच होता. अन् मंग जे सगळे बाप करतात तेच मी केलं, पैनगंगेपलीकडचं एक स्थळ बलावलं. रविवारी लोक पाहाले येनार असं ठरलं. वनितानं फोनवर एवढंच सांगतलं, "मी त्या दिवशी येनार नाही. अन् तुमी ओढून आनलं तर त्याच्यानंतर मी कधीच येनार नाही." माही पोरगी लहानपनापासून बोलली ते करनारी हाय, हे मले माहीत. पन लोकायले जबान दिली, हेबी मले माहीत. दोन्हीबी माहीत असलं म्हनजे मानसाची जेवन कराची इच्छा जाते, हे तवा समजलं.

मी सायबाले सांगतलं. मले वाटलं ते मले समजावतील, नाहीतर शिव्या देतील. मी दोन्हीसाठी तयार होतो. ते नुसते म्हने, "तुले एक कादंबरी देतो." मी म्हनलो, "सायब, मले कादंबरी म्हनजे म्हशीले चष्मा." ते म्हने, "मंग मी वाचतो. तू सवारी भरेपर्यंत ऐक." अन् दुसऱ्या सकाळपासून सुरू झालं. गोष्ट जुन्या काळची होती, तिकडं लय लांब घाटाकडच्या एका गावची. रत्ना म्हनून एक पोरगी, तिचा शेवंतावर जीव. अन् रत्नाचा बाप टांगेवाला. काय बाप होता तो... दिवसभर घोड्याशी बोले, रस्ता चुकला का घोड्याले शिव्या दे, अन् पोरीच्या पुढं आला का त्याची जीभ टाळूले चिकटे. मी म्हनलो, सायब, हा लेखक जैनथले येऊन गेला काय? ते म्हने, "गपचूप ऐक. घोडा तुह्यापेक्षा कमी बोलते." आमच्या स्टँडची रीत अशी का आटो भरल्याशिवाय निघाचा नाही. त्यामुळं मी सवाऱ्या बलावनंच बंद केलं. कारन आटो भरला का गोष्ट बंद. दुसरे आटोवाले हासत, "किसनानं धंदा सोडून शाळा धरली." कापूस वेचाले जानाऱ्या बाया बसत, त्याबी म्हनत, "थांबा हो, ते पोरगी घरातून निघाली का नाही, तेवढं होऊ द्या."

शुक्रवारी सकाळी रत्नाच्या बापानं तिचं लग्न पक्कं केलं. मले लय राग आला, त्याच्यावर. म्हनलो, काय बेअक्कल मानूस हाय. बाया माह्याकडं पाहाले लागल्या, कारन जैनथमधे कोनाकडं कवा पाहुने येनार हे सगळ्यायले माहीत राहते. रत्ना पहाटे घागर न घेता विहिरीवर गेली. कठड्यावर उभी राह्यली. इथं सायब थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. पान उलटलं, अन् त्या पानाकडं लय वेळ नुसतं पाहत बसले. मले वाटलं, इथं पानी प्या म्हनून लिवलं असन. मंग वाचलं... "तेवढ्यात मागून टांग्याचा आवाज आला." बाप आला होता. टांग्यातून उतरला नाही. नुसता म्हने, "बस. शेवंताकडं जाचं आहे ना? सोडून देतो."

मी आटो चालू केला. बायायले म्हनलो, उतरा, आज आटो आदिलाबादले थांबत नाही, निर्मलले जाऊन राह्यला. सायबबी पुस्तक मिटून उतरले. पैनगंगेपलीकडच्या लोकायले फोन करून सांगतलं का येऊ नका, पोरगी आमची तयार नाही अन् मीबी नाही. आता जैनथहून निर्मलले आटोनं कोनी जाते काय? मधे घाट हाय. ट्रकवाले मले पाहून भोंगा नाही वाजवत होते, हासत होते. बसा दर घडीले जातात. पन टांगेवाला बसनं गेला नव्हता ना. निर्मलले पोचलो तवा आटोबी तापला होता अन् मीबी. वनितानं दार उघडलं. मी रस्ताभर घोकलेलं बोललो, "बस. लावण्याकडं जाचं आहे ना? सोडून देतो." पोरगी म्हने, "बाबा, मी लावण्याकडंच आहे. हे तिचंच घर आहे." एवढा घाट चढून मानसानं हे आयकाचं. मंग लावण्यानं पानी दिलं. टेबलावर सीताफळ ठेवलं होतं, मी काही सुचेना म्हनून दाबून पाह्यलं, पिकलं का म्हनून. लावण्या म्हने, "बाबा, ते पिकत नाही. लाकडाचं आहे, मी रंगवलं." वनिता हासाले लागली, अन् हासता हासता रडाले लागली, अन् मी ते सीताफळ हातात धरूनच उभा. दोघीयले आटोत बसवून घरी आनलं. वाटेत गुडीहत्नूरले हायवेवर भजे खाल्ले. शांतानं लावण्याले ताट वाढलं अन् मले म्हने, "आला का उजेड?"

सोमवारी हे सगळं मी सायबाले सांगतलं. ते आयकत राह्यले. मंग पुस्तक काढलं अन् पुढं वाचाले लागले. अन् पाहा मजा... टांगेवाला रत्नाले घेऊन गेला तर शेवंताच्या घरी ताटलीत लाकडाचं सीताफळ, अन् यानं ते दाबून पाह्यलं. मी मांडीवर थाप मारली. म्हनलो, "सायब, असे मूर्ख सगळीकडंच असतात म्हना." ते म्हने, "असतात, असतात." मंग टांगेवाल्यानं गुडीहत्नूरले भजे खाल्ले. मी म्हनलो, "पन सायब, गाव तर घाटाकडचं होतं. टांगा इतक्या लांब कसा आला?" ते म्हने, "घोडा चांगला होता." मले पटलं. शपथ सांगतो, पटलं. पुढं गोष्ट लय महिने चालली. रत्ना अन् शेवंतानं पिठाची गिरनी टाकली. गावानं आधी दळन बंद केलं, मंग दुसरी गिरनी लांब पडते म्हनून गुपचूप आनाले लागले. टांगेवाला म्हातारा झाला, लगाम रत्नाच्या हातात दिला. शेवटल्या दिवशी, म्हनजे सायब जाच्या आदल्या दिवशी, घोडा आजारी पडला होता. आटो भरला. मी म्हनलो, सायब, घोडा मरते काय? ते म्हने, "उद्या पाहू."

सायबाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वनिता अन् लावण्या दोघीबी आल्या. लोक लय होते. कपाटापाशी उभे राहून पुस्तकायवर हात फिरवनारे सगळे आले होते. एक एक जन उठून सांगे, मले हे पुस्तक दिलं होतं, मले ते. कमलताईनं मले बाजूले घेतलं अन् टांगेवाल्याचं पुस्तक हातात दिलं. "हे तुहं आहे." मी आटोत येऊन बसलो अन् वनिताले म्हनलो, पहिलं घोड्याचं पाहा. ती पानं चाळत राह्यली. पुढं गेली, मागं आली. मंग म्हने, "बाबा, यात घोड्याचं काही नाही. गिरनी नाही, भजे नाहीत. पुस्तक विहिरीपाशीच संपते." मी म्हनलो, टांगा येते ना मागून? पोरीनं ते पान परत एकदा वाचलं. मंग हळूच म्हने, "टांगा येत नाही, बाबा. रत्ना उडी मारते." तिनं मले पुस्तक दाखवलं. मले काय दिसनार, मुंग्या. पन एवढं दिसलं का एका जागी मुंग्या संपल्या. त्याच्या पुढं मागच्या बाजूचे काही पानं नुसते कोरे होते. अन् छापलेले पानं साफ होते, कोरेच मळलेले. चहाचे डाग, सोयाबीनची धूळ, अंगठ्याचे ठसे. महिनोंमहिने तेच ते पानं पुढं-मागं उलटून मानूस वाचून राह्यला होता, अन् मी बाजूले बसून मान डोलावत होतो. एक डाव डोकावलो असतो तर मुंग्या गेल्या एवढं तरी समजलं असतं.

मी कमलताईकडं गेलो. त्यायले सगळं माहीत होतं. म्हनल्या, "हे मसनवट्यातलं पुस्तक. मी त्याले म्हनलं होतं, किसनभाऊले हे देऊ नको, तूच म्हनतो पहिलं पुस्तक जित्याचं पायजे. तर म्हने, ताई, सगळं कपाट पाह्यलं, किसनासारखा बाप दुसऱ्या कोनत्याच पुस्तकात नाही. बाप बरोबर आहे, शेवट तेवढा चुकला आहे. अन् मंग रोज भाकर खाताना मले विचारे, ताई, टांगेवाल्यानं उद्या काय करावं?" गिरनी ताईनं सुचवली होती म्हने. मी घाट चढून ज्या बापाची नक्कल कराले गेलो होतो, तो बाप पुस्तकात नव्हताच. पुस्तकातला बाप आला नव्हता. मी आलो होतो, अन् सायबानं मले मागून त्या पुस्तकात बसवलं होतं. मले राग आला का? आला. घोड्याचं काय झालं हे आता कोन सांगनार?

आता वनिता-लावण्याचं येनं-जानं सुरू हाय. बसनं येतात, माह्या आटोवर भरोसा नाही. विहारातल्या कपाटाची चाबी कमलताईकडं हाय, अन् ताईबी आधी शेवटचं पान पाहतात. टांगेवाल्याचं पुस्तक मात्र मसनवट्यात परत गेलं नाही. ते माह्या आटोत, पुढच्या सीटवर राहते, गमछ्याखाली. सकाळी स्टँडवर त्याच कापूस वेचनाऱ्या बाया येतात. पुस्तक विहिरीपाशी संपते हे त्यायले मी सांगतलं हाय. त्या म्हनल्या, "ते ऱ्हाऊ दे. घोड्याचं काय झालं?" तर मी मागचे पानं उघडतो. छापलेलं मले अजून वाचता येत नाही. हे कोरे येतात. अंगठ्याच्या ठशावर अंगठा ठेवाचा अन् वाचाचं. तेवढ्यात कोनी नवीन सवारी येते, घाईची. म्हनते, "अन्ना, पोदामा?" मी म्हनतो, थांबा थोडं. घोड्याले पानी पाजून राह्यलो.